लोटूच्या डबीला मुंग्या लागल्या

…आणि आतून हाक आली, “लोटू तानकू महाजन!” तसा बाकावरून उठला तो धुडकू.

काल गोष्ट नेमकी इथंच सोडून आपण उठलो होतो. पण काल जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं, नाहीतर लोटूच्या नावाला धुडकू का ओ देतो हे उमजायचं नाही. खरा लोटू त्या घडीला सुरतेतल्या बमरोलीत होता. कापड विणणाऱ्या आठ मागांच्या मधल्या बोळात उभा राहून डाव्या पायावरचा भार उजव्यावर आणि उजव्यावरचा डाव्यावर टाकत होता. मागांचा खडखडाट असा, की शेजारचा माणूस बोंबलला तरी नुसते ओठ हललेले दिसावेत. त्या गोंगाटात लोटूच्या कानाला मात्र आपल्याच नावाची हाक येत होती. डिंडोलीच्या दवाखान्यात आता पुकारा झाला असेल. धुडकू उठला असेल. नीट ‘हो’ म्हणाला असेल ना? का सवयीनं आपलंच नाव सांगून बसला?

लोटू मूळचा बेटावदकडचा. स्टेशनात उतरायचं आणि तीन मैल पायी चालायचं, असं गाव. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसं सुईणीनं त्याला सुपात घातलं, केरसुणीनं सूप लोटत लोटत दारापर्यंत नेलं आणि केर टाकावा तसं उंबऱ्याबाहेर ठेवलं. मग शेजारची सुभद्राबाई आली, “कोणाचा गं हा केर?” म्हणाली, आणि उचलून पुन्हा आईच्या ओटीत टाकला. नाव पडलं लोटू. खानदेशात अशी नावं घरोघर सापडतील. धुडकू घ्या, चिंधा घ्या. नाव ऐकून मरणाला वाटावं, ही टाकाऊ वस्तू, हिला नेऊन काय करायचंय, आणि त्यानं पुढच्या दाराशी जावं. आईची युक्ती एक्केचाळीस वर्षं चालली होती. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला, गाड्या भरभरून माणसं गावाकडं पळाली, तेव्हाही लोटू मागेच राहिला आणि धडधाकट राहिला. पण शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याला काहीतरी झालं.

काय झालं, ते त्याला सांगता येत नव्हतं. दुखतं म्हणावं तर काही दुखत नव्हतं. नुसता थकवा होता. सोळा वर्षं बारा-बारा तास उभं राहिलेला माणूस, त्याला थकव्याची ओळख नव्हती असं कसं म्हणावं? पण जुना थकवा रात्री पडवीला सोडलेल्या चपलांसारखा बाहेर राहायचा, सकाळपर्यंत त्याचं नाव नसायचं. हा नवा थकवा अंथरुणात शेजारी झोपायचा आणि सकाळी त्याच्या आधी उठून बसलेला असायचा. पाणी किती प्यावं! हर्षदा, त्याची पोरगी, माठ भरून भरून कावायची. “बापू, माठाला भोक पडलंय, का तुम्हाला?” प्यायलेलं पाणी पोटात ठरत नव्हतं, दर तासाला माग सोडून बाहेर धावायचं. विजार कमरेवर राहीना, तेव्हा त्यानं कापडाच्या काठाची कापून टाकलेली पट्टी उचलली आणि नाडीवरून बांधली.

औषध सुचवलं ते धुडकूनं. हा धुडकू म्हणजे लोटूचा जोडीदार. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यात आठ मागांना दोन माणसं असतात. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. सातच्या ठोक्याला एक उतरतो, दुसरा चढतो, माग काही थंड होत नाही. दोघांनी एकमेकांना सांभाळायचं असतं. ह्याच्या घरी लग्न निघालं तर तो दोन्ही पाळ्या ओढतो, आणि वहीत हजेरी ह्याच्याच नावावर लागते. गावाकडून चुलतभाऊ आला तर हात बसेपर्यंत थोरल्याच्या नावावर उभा राहतो. ह्याला तिथं बदली म्हणतात. शेठला सगळं ठाऊक असतं. त्याला कापडाशी मतलब. धुडकूनं लोटूच्या नावावर आणि लोटूनं धुडकूच्या नावावर इतके दिवस काढले होते, की नाव हाही त्यांना खुंटीवरच्या सदऱ्यासारखा वाटायला लागला होता. ज्याला लागेल त्यानं घालावा.

तर सुट्टीच्या दिवशी धुडकू लोटूला घेऊन पांडेसऱ्याच्या नाक्यावर गेला. तिथं एक लोकरी टोपीवाला, भर उन्हात, फडकं पसरून बसलेला. समोर काळ्या दगडांचा ढीग, दगडांना डांबरासारखं काही चिकटलेलं.

“पत्थर का पसीना है, काका,” टोपीवाला म्हणाला. “असली शिलाजित. हिमालय का.”

“हिमालयालाबी घाम फुटतो?” धुडकूनं डोळा मारला. “मग आम्हाला फुटतो त्यात नवल काय!”

टोपीवाल्यानं वाटाण्याएवढा तुकडा पाण्याच्या पेल्यात सोडला. तो तपकिरी दोरे सोडत सोडत खाली गेला. दुसरा तुकडा जाळावर धरला, तो फुगला. कंबर, गुडघे, शुगर, सांस, कमजोरी, एकेक बोट मोडत त्यानं दुखणी मोजली, आणि शेवटच्या बोटाला आवाज खाली आणून म्हणाला, “और घरवाली भी खुश.”

“हे वहिनीला सांगू नको,” धुडकू म्हणाला. “नाहीतर तुला वाटेल ताकद आली आणि तिला वाटेल भलतंच आलं.”

लोटू हसला नाही. हसायलाही जीव लागतो. त्यानं डबी घेतली. धुडकू स्वतः दोन वर्षं हेच खात होता आणि बैलासारखा होता. आता बैलासारखा तो आधीपासूनच होता, हे लोटूच्या ध्यानात यायला हवं होतं. पण थकलेला माणूस एवढा मागचा विचार करत नाही. मुगाएवढी गोळी, दुधातून, सकाळी. पहिले चार दिवस त्याला वाटलं, थोडं बरं आहे.

पाचव्या दिवशी तो मागाच्या दांडीला टेकून उभ्या उभ्या झोपला. तिसऱ्या मागाची आडव्या सुताची कांडी संपली, माग तसाच चालत राहिला, आणि हातभर कापड मच्छरदाणीसारखं विरळ निघालं. डोळे उघडले तर समोर खात्याचा मालक रमणशेठ. शेठ ओरडला नाही, तेच वाईट. त्यानं ते विरळ कापड लोटूच्या हातात दिलं.

“लोटुभाई, ऊंघो छो? तब्येत बराबर नथी. डॉक्टरनी चिठ्ठी लई आवो, फिट लखेलुं. नहीं तो मशीन बीजाने आपीश.”

म्हणजे काय ते सरळ होतं. डॉक्टरनं ‘फिट’ लिहिलं तर आठ माग त्याचे. नाही लिहिलं तर दुसऱ्याचे. सुरतेत सोळा वर्षं, आणि ह्या आठ मागांपलीकडं लोटूला काही येत नव्हतं.

तर आता कळलं ना, धुडकू त्या बाकावर का बसला होता? संध्याकाळच्या पाळीबदलाला लोटूच म्हणाला, “तू जा माझ्या नावावर. तुला बघून कोणताही डॉक्टर फिट लिहील.” धुडकूनं मान डोलावली. त्याला ते नेहमीच्या बदलीसारखंच वाटलं. दुसऱ्या दिवशी रातपाळी उतरून, तोंड धुऊन, लोटूचा धुतलेला सदरा घालून तो डिंडोलीला डॉक्टर चंद्रकांत वाघुळदे यांच्याकडं गेला. डॉक्टर जळगावकडचे, दवाखाना नुकता टाकलेला, अजून कोणाला चेहऱ्यानं ओळखत नव्हते.

“लोटू तानकू महाजन!”

“हो, हो, मीच!” धुडकू जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला.

डॉक्टरांनी वजन केलं, नाडी पाहिली, रक्त-लघवी तपासली. सगळं लख्ख. चिठ्ठी लिहिली. एवढं झालं तेव्हा उठायचं ना? पण धुडकूला वाटलं, जोडीदाराचं आणखी एक काम करून जावं.

“साहेब, शिलाजित खाल्लेलं चालतं का?”

“तुम्ही खाता?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुमची तब्येत चांगली आहे. एखाद्या वैद्यानं दिलेलं, शुद्ध केलेलं, थोडं घेतलंत तर माझी ना नाही. पण रस्त्यावरचं घेऊ नका. आणि ज्याला साखर असेल, रक्तदाब असेल, सांधे सुजत असतील, त्यानं विचारल्याशिवाय हात लावू नये. तुम्हाला ह्यातलं काही नाही.”

संध्याकाळी सातला खात्याच्या दारात धुडकूनं चिठ्ठी लोटूच्या हातात दिली. आत मागांचा धडधडाट, बाहेर रिक्षांचा. धुडकू कानाशी तोंड नेऊन ओरडला, “फिट! आणि शिलाजित चालतं म्हणाला!”

बाकीचं धुडकूनं सांगितलं नाही. लबाडीनं नव्हे हो. त्याला वाटलं, साखर, रक्तदाब हे ज्यांना आहे त्यांच्यासाठी. आपल्याला तर डॉक्टर म्हणाला, ह्यातलं काही नाही. आपल्याला म्हणजे कोणाला, हा प्रश्न त्या दोघांतल्या कोणाच्याच डोक्यात आला नाही. शरीर तपासलं एकाचं, परवानगी मिळाली दुसऱ्याला, आणि दोघं खूश होऊन आपापल्या दिशेनं गेले.

डॉक्टरचंच बोलणं म्हटल्यावर लोटूनं गोळी वाढवली. मुगाची हरभऱ्याएवढी झाली, सकाळची सकाळ-संध्याकाळ झाली. चव बरी लागायची. म्हणून कधी दुपारी जीव बसल्यासारखा वाटला की बोटानं आणखी थोडं चाटायचं. शेठनं चिठ्ठी पाहून मान हलवली, माग राहिले. राहिले, पण महिनाभरात लोटूला घरून खात्यापर्यंतचा रस्ता शेजारच्या जिल्ह्याएवढा लांब वाटायला लागला. नजर अंधूक झाली, तुटलेला सुताचा तार सापडेना. बोटाला कांडीचा ओरखडा आला होता, तो पंधरा दिवस ओलाच. घरी आला की तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि ताट समोर आलं तरी हात उचलायला वेळ लागायचा. तो मनाशी म्हणायचा, फिट लिहिलंय. मग हे आहे तरी काय? आपलंच मन आळशी झालं असेल. थकव्यापेक्षा त्याला त्या विचाराचीच लाज जास्त वाटायची.

एका सकाळी उषाबाईनं, लोटूच्या बायकोनं, देवळीतली डबी उचलली आणि तशीच खाली आपटली. बोटांवर मुंग्या चढल्या होत्या.

“हाई काय शे?” तिनं अहिराणीत विचारलं. घरात नवरा-बायकोचं तेच बोलणं.

“शिलाजित शे. ताकदनं. डागदरनी सांगेल शे.”

तिनं डबी उघडली. काठावर मुंग्यांची काळी ओळ, आत काळा गोळा. तिनं नखावर घेतलं, जिभेला लावलं आणि नवऱ्याकडं बघतच राहिली.

“कडू औषदले मुंग्या कसाले लागतीन? हाऊ तं जळेल गूळ शे!”

उषाबाई उठली, मोरीपाशी गेली, वाकून बघितलं. ती तिथून सरळ झाली तेव्हा तिच्या आवाजातला राग गेला होता, आणि लोटूला तिच्या रागापेक्षा त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

“मोरीमा बी मुंग्या लागेल सेत,” ती म्हणाली. “मना बापले बी असंच व्हयेल व्हतं.”

तिचा बाप लोटूनं पाहिला होता. परसात म्हातारा जिथं लघवीला बसायचा तिथं मुंग्यांचं वारूळ व्हायचं, घरचे हसायचे. मग पायाला खडा लागला, जखम चिघळली, पाय काळा पडला. त्यानंतर घरात कोणी हसलं नाही.

“डागदरनी रगत तपासं ना तुमनं?” उषाबाई म्हणाली. “मंग त्याले कसं नई समजनं?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोटूनं भिंतीकडं बघत सांगितलं, “रगत धुडकूनं दिन्हं.”

मग उषाबाईच्या तोंडून असं काही निघालं की हर्षदा स्वयंपाकातून बाहेर आली.

“मंग औषद बी धुडकूलेच खाऊ द्यानं व्हतं! मरानी येळले बी त्यालेच धाडशात का?”

ते ऐकून लोटूला हसू आलं, खरंच आलं. महिन्याभरात पहिल्यांदा. आणि हसता हसता त्याला तिथंच रडूही आलं, पण ते त्यानं कानशिलाला हात लावून लपवलं.

त्याच सकाळी ती त्याला रिक्षात घालून डिंडोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. नाव तिनं सांगितलं, म्हणजे पदर पुढं घेऊन हर्षदाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, तिचे वडील. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. डॉक्टरांनी लोटूला काट्यावर उभं केलं, बोटाचा ओरखडा पाहिला, किती पाणी पिता विचारलं, आणि बाटलीत लघवी आणायला सांगितली. टेबलावरच एका नळीत निळं औषध होतं. त्यात त्यांनी थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं होता होता भाजल्या विटेसारखं लाल. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या लोटूलाही कळलं, की हा रंग काही चांगला नव्हे.

“साखर,” डॉक्टर म्हणाले. “बरीच. रक्तही तपासू, पण आता शंका नाही. काही खात होता का?”

उषाबाईनं डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती हुंगली, खडा पाण्यात घातला.

“हा मळ दिसतोय ना, विरघळतोय? विकणारा हेच दाखवतो. पण गूळही विरघळतो, आणि जाळला की तोही फुगतो. खरं शिलाजित कडूजहर असतं, त्याला गोमूत्रासारखा वास येतो. मुंगी त्याच्याकडं कशाला बघेल?”

“म्हणजे ते सगळं थोतांड?” उषाबाईनं विचारलं.

“नाही, तसंही नाही बाई.” डॉक्टरांनी डबीचं झाकण लावलं. घाईनं बोलणारा माणूस नव्हता तो. “जुने वैद्य ते देत आलेत, साखरेच्या दुखण्यावरही देतात. थकवा गेला असं सांगणारी माणसं माझ्याकडं येतात, त्यांना मी खोटं म्हणत नाही. पण खात्रीनं सांगावं एवढं त्याचं कोणी मोजमाप केलेलं नाही. आणि खरं असलं तरी डोंगरातून काढलं तसं खायचं नसतं. त्यात माती असते, शिशासारखे विषारी धातू असतात. वैद्य लोक त्रिफळ्याच्या काढ्यात घोळून, गाळून, मग देतात. वर तुम्हाला आता साखरेवरची गोळी सुरू होईल. तिच्याबरोबर हेही घेतलंत आणि साखर एकदम उतरली, तर मागावर चक्कर येईल. थकवा कशाचा आहे ते आधी बघायचं. तुमचा थकवा दगडाच्या घामानं जाणारा नव्हता.”

मग त्यांनी वही ओढली आणि विचारलं, “पहिल्यांदाच आलात? पूर्ण नाव?”

लोटूनं खाली मान घालून नाव सांगितलं. डॉक्टरांचं बोट मागच्या पानावर गेलं आणि तिथं थांबलं.

“लोटू तानकू महाजन. गेल्या महिन्यात. वजन बहात्तर.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मघाशी काट्यावर एकोणपन्नास भरलं. महिन्यात तेवीस किलो गेले? आणि उंचीही चार बोटं उतरली?”

उषाबाईनं तोंडाला पदर लावला. हसायला का आणखी कशाला, ते तिलाच माहीत.

डॉक्टर रागावतील असं लोटूला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खानदेशचाच माणूस, त्यांचाही कोणी काका, कोणी मामा खात्यात उभा राहिला असणार. त्यांनी वही लोटूच्या पुढं सरकवली.

“इथं मी फिट लिहिलंय. शेठला चिठ्ठी गेली ती ह्यावरून. हे खोडून आजचं लिहिलं तर मला शेठला खरं कळवावं लागेल, आणि तुमच्या मागांचं काय होईल मी सांगू शकत नाही. न खोडता दुसऱ्या नावानं औषध चालू करू म्हणालात, तर ते मी करणार नाही. साखरेचा हिशेब एकाच माणसाचा ठेवावा लागतो, आयुष्यभर. आता तुम्ही सांगा, हा लोटू कोण आणि तुम्ही कोण?”

बाहेर बाकावर माणसं खोकत होती. खुर्चीवर बसायचं सोडून लोटू अजून उभाच होता. सोळा वर्षांची सवय. त्यानं एकदा त्या पानाकडं पाहिलं, एकदा डबीकडं, आणि मग डॉक्टरांना म्हणाला, “साहेब, त्या दिवशी माझ्या नावावर धुडकू आला होता. आज मी आलोय. ते खोडा आणि माझं लिहा. मागांचं मी शेठला सांगेन. पण आधी जरा बसू द्या, पाय लई दुखतात.”